डहीसारख्या भागात बोलके इंग्रजी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातला डही हा आदिवासीबहुल विकासखंड. अनेक मुलांची घरची बोली भिली, भिलाली किंवा निमाडी, शाळेची भाषा हिंदी. इंग्रजी भेटते ती बहुधा पाठ्यपुस्तकातच. अशा ठिकाणी आवाज ओळखणारी अॅप कामी येतात. गूगलने मार्च २०१९ मध्ये आणलेले ‘बोलो’ पुढे ‘रीड अलाँग’ झाले. मूल मोठ्याने वाचते, फोन ऐकतो, अडलेला शब्द ‘दिया’ हे पात्र उच्चारून दाखवते. गोष्टी उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. खेड्यात हेच मोलाचे. पण हे वाचन झाले, संभाषण नव्हे. छापील वाक्य अचूक म्हणणारे मूल साध्या प्रश्नाला गप्प बसू शकते. संभाषणासाठी जोडीने प्रश्नोत्तरे करून ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत, पुन्हा ऐकावीत. चुका शिक्षकांनी नंतर सांगाव्यात. भर वर्गात टोकल्यास मुले बोलायचीच थांबतात.