'असे कळते' : जुन्या मराठी वृत्तलेखनातील 'कळणे' या क्रियापदाचा उपयोग

प्रास्ताविक
६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले आणि मराठी वृत्तलेखनाला प्रारंभ झाला. पुढे अकोल्याचे 'वऱ्हाड समाचार', अमरावतीचे 'प्रमोदसिंधु' यांसारख्या पत्रांमुळे हे लेखन वऱ्हाडातही रुजले. जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन म्हणून जुन्या वृत्तपत्रांकडे पाहताना त्यांतील घटनांची नोंद घेतली जाते. परंतु घटना ज्या क्रियापदाने सांगितली, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. 'कळणे' हे असेच एक नित्याचे क्रियापद होय.

क्रियापदाची घडण
'जाणणे' या क्रियापदाला जाणणारा कर्ता लागतो. 'कळणे' याचे तसे नाही. 'मला बातमी कळली' या वाक्यात कर्तृपद 'बातमी' आहे. ज्याला ती कळली तो चतुर्थीत येतो. चतुर्थीतील हे पद गाळले तरी वाक्य अडत नाही. 'असे कळते' एवढ्यावर ते पूर्ण होते. कोणाकडून कळले आणि कोणाला कळले, हे दोन्ही प्रश्न व्याकरणदृष्ट्या अनुत्तरित राहू शकतात. वृत्तलेखकाला नेमकी हीच सोय हवी होती.

बोलीत मात्र ही सोय फार काळ टिकत नाही. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होऊन 'मले कयलं' असे म्हटले जाते, आणि ऐकणारा लगेच विचारतो, 'तुले कोनं सांगतलं?' छापील मजकुराला असा प्रतिप्रश्न करता येत नाही.

रूपांतील अर्थभेद
पुढील वाक्ये केवळ स्पष्टीकरणासाठी रचली आहेत.

१. 'बाजारात कापसाचा भाव उतरला असे कळते.' वार्ता आली आहे. पडताळा झालेला नाही.
२. 'भाव उतरल्याचे आमचे बातमीदार कळवितात.' 'कळविणे' या प्रयोजक रूपाने सांगणारा पुढे येतो व जबाबदारी विभागली जाते.
३. 'चौकशीअंती भाव उतरल्याचे कळून आले.' येथे संपादकाने स्वतः खात्री करून घेतल्याचा दावा आहे.
४. 'भाव उतरला.' येथे पत्र आपल्या शब्दावर घटना सांगते.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत यांतील पहिले रूप 'असें कळतें' असे अनुस्वारयुक्त आढळते.

वऱ्हाडातील परिस्थिती
१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६७पर्यंत अकोला, बडनेरा या मार्गाने रेल्वे नागपूरला पोहोचली. रेल्वेबरोबर तारेचे जाळेही पसरले. तारेने मजकूर त्वरेने येई, परंतु त्याची शहानिशा त्याच वेगाने होत नसे. कापसाच्या व्यापारावर जगणाऱ्या प्रदेशात भावाची अफवा आणि भावाची बातमी यांतील अंतर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मिळकतीएवढे असू शके. म्हणून 'कळते' हे रूप वाचकासाठी सावधगिरीची सूचना होते, तसेच ते लेखकासाठी आडोसाही होते.

हा आडोसा अपुरा असे. कोल्हापूर संस्थानाचे दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्यासंबंधीच्या मजकुरावरून टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर विश्वास ठेवला होता ती बनावट ठरली. माहिती दुसऱ्याकडून आली, एवढ्याने छापणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे त्या खटल्याने दाखविले.

निष्कर्ष
जुन्या अंकांतून टिपण काढताना अभ्यासक पुष्कळदा 'असे कळते' गाळतो आणि 'भाव उतरला' एवढेच उतरवून घेतो. येथे पहिल्या वाक्याचे चौथे वाक्य होते. संपादकाने जी शंका जपून ठेवली होती ती संशोधकाच्या हातून नाहीशी होते, आणि पुढील प्रबंधांत तीच वार्ता सिद्ध घटना म्हणून वावरते. यास्तव वृत्तपत्रीय नोंद घेताना क्रियापद मूळ रूपात उतरवून घ्यावे, पुढील अंकांत त्या वार्तेचा खुलासा वा इन्कार आला आहे काय ते पाहावे, आणि शक्य तेथे सरकारी दप्तराशी ती ताडून पाहावी. विद्यार्थ्यांना साधनचिकित्सा शिकविताना या एका क्रियापदापासून आरंभ करता येईल.