हवेवर थंड होणारे होडीचे इंजिन किती टिकते?

मोटारसायकलच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्या आपण पाहतोच. काही लहान होड्यांच्या इंजिनांनाही त्या असतात. त्यांत खारे पाणी खेळत नाही, म्हणून ती आतून गंजत नाहीत. मात्र हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे तेविसाव्या हिश्शाइतकीच. त्यामुळे पंख्याने सतत वारा द्यावा लागतो. पट्ट्यांत तेलकट मळ व मीठ साचले, की सिलिंडर तापतो, तेल पातळ होते, पिस्टनच्या रिंगा झिजतात. इंजिन बंद खोक्यात बसवले तर आणखी वाईट: ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते!

इंजिनाचे वय तासांत मोजतात. रोज ४ तास, वर्षाला २०० दिवस म्हणजे ८०० तास. वेळेवर तेल बदललेले डिझेल इंजिन काही हजार तास चालते. हयगय झालेले मात्र भर समुद्रात जाम होते.