जनुक जागे, तरी वायू सुटतो

पाणी साचून मातीतला प्राणवायू संपला, की तेथील अनेक जिवाणू श्वसनासाठी खतातले नायट्रेट वापरतात आणि त्याचे टप्प्याटप्प्याने नायट्रस ऑक्साइडमध्ये व अखेर निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात, हेच विनायट्रीकरण. शेवटचा टप्पा ‘नॉस-झेड’ जनुकाच्या आराखड्यानुसार बनणाऱ्या तांबेयुक्त विकरावर, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर, अवलंबून असतो. कित्येक जिवाणूंत हे जनुक नसतेच. पण ते असणेही पुरेसे नाही, ही खरी विचार करायला लावणारी बाब आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीसारख्या आम्लधर्मी मातीत जनुक सक्रिय होऊन त्याची संदेशवाहक प्रत निघाली, तरी पेशीच्या दोन पटलांमधील जागेत विकराची जुळणी बिघडते आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवणारा नायट्रस ऑक्साइड वायू हवेत निसटतो. चुनखडीने आम्लता उतरवल्यास ही जुळणी सुधारते.