रुग्णाची माहिती आणि दवाखान्याची जबाबदारी

बाजाराच्या दिवशी पांढुर्णा किंवा सौंसर येथील कोणत्याही दवाखान्यापुढे अर्धा तास उभे राहिले तरी प्रस्तुत विषय ध्यानात येतो. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे ओळीत उभी असतात. टेबलाशी बसलेला मदतनीस मोठ्याने नाव, गाव, वय विचारतो आणि त्याच आवाजात ‘काय होते?’ असेही विचारतो. ज्याला विचारले तो ते सांगतो, आणि मागे उभे असलेले दहा जण ते ऐकतात. त्या दहांमध्ये एखादा त्याच गावचा असतो, एखादा सोयरा असतो. संध्याकाळच्या मोटारीने रोगी घरी पोहोचण्यापूर्वी त्याचा आजार गावी पोहोचलेला असतो.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. ओळ लांब असते, खोली एकच असते आणि मदतनिसालाही घरी जायचे असते. तथापि अशा प्रसंगी जे बाहेर पडते ती त्या रोग्याच्या मालकीची वस्तू असते, ही जाणीव आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. सदर लेखात दवाखान्यात रुग्णाविषयीची कोणती माहिती जमा होते, ती कोणाला सांगता येते, कोणाला सांगता येत नाही आणि ती रुग्णाने स्वतः मागितल्यास कशी मिळते, याचा विचार केला आहे.

रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा केसपेपरावर त्याचे नाव, वय, पत्ता आणि तक्रार लिहिली जाते. पुढे रक्त-लघवीचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, दिलेल्या औषधांची नावे, शस्त्रक्रियेचा वृत्तांत आणि घरात पूर्वी कोणाला काय आजार होता याची नोंद असे बरेच काही त्या कागदाला येऊन मिळते. मध्य प्रदेशात समग्र क्रमांक आणि आयुष्मान कार्ड यांच्या प्रतीही त्यात जोडल्या जातात. याखेरीज जे कागदावर येत नाही, पण डॉक्टरांच्या कानावर पडते, तेही असतेच : नवऱ्याचे व्यसन, सासरचा जाच, मूल होत नसल्याचे दुःख. वैद्याने रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत हा दंडक चरकसंहितेतही सांगितलेला आहे. तेव्हा हा विचार परदेशातून आला, असे कोणी समजू नये.

आज हा दंडक लेखी नियमांत आलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी विनियम केले. २०२३ साली नवे विनियम काढण्यात आले होते. परंतु ते त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात स्थगित ठेवले गेल्याने २००२ चेच विनियम लागू राहिले. त्यांनुसार व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करावयाचे नाही. याला तीन अपवाद सांगितले आहेत. पहिला, न्यायालयात पीठासीन न्यायाधीशांनी तसा आदेश दिल्यास. दुसरा, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित असा धोका असल्यास. तिसरा, ज्या रोगांची वर्दी शासनाला देणे बंधनकारक आहे असे रोग. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा वृत्तांत त्याच्या परवानगीवाचून वैद्यकीय नियतकालिकात छापण्यासही या विनियमांनी मनाई केली आहे.

यांपैकी दुसरा अपवाद सर्वांत अवघड होय. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली असे एक प्रकरण आले होते. एका व्यक्तीने रक्तदान केले असता तिला एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे आढळले. ही गोष्ट रुग्णालयातून बाहेर पडली आणि ठरलेले लग्न मोडले. त्या व्यक्तीने दाद मागितली. न्यायालयाने असे ठरविले की, खाजगीपणाचा हक्क निरपवाद नाही. ज्या मुलीशी लग्न व्हावयाचे होते तिच्या जिवाला धोका होता, म्हणून ती गोष्ट कळणे हा तिचाही हक्क होता. त्याच निकालात अशा रुग्णाच्या विवाहाच्या हक्काविषयी काही कठोर मते आली होती. ती मते त्या प्रकरणात आवश्यक नव्हती असे त्याच न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्सविषयक कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, आणि संमतीवाचून तपासणी करणे किंवा तपासणीचा निष्कर्ष उघड करणे यांवर त्याने बंधने घातली. जोडीदाराला कळवायचे तर कोणत्या परिस्थितीत आणि कोणी कळवायचे, हेही त्यात सांगितले आहे. शेजाऱ्याला, मालकाला किंवा शाळेला कळविण्याची मोकळीक कोठेही नाही.

क्षयरोगाची गोष्ट तिसऱ्या अपवादात मोडते. मे २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो की खाजगी, आपल्याकडील क्षयरुग्णाची वर्दी शासनाला देणे आवश्यक झाले आहे. काही रुग्णांना ही आपली चुगली वाटते. वस्तुतः ही माहिती आरोग्ययंत्रणेकडे जाते ती औषधे अर्धवट सुटू नयेत आणि घरातील इतरांची तपासणी व्हावी यासाठी. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी नाही. वर्दी देणे आणि बोभाटा करणे यांत जे अंतर आहे, तेच पाळणे आवश्यक आहे.

गर्भपाताच्या बाबतीत कायदा याहूनही कडक आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ज्या स्त्रीचा गर्भपात केला तिचे नाव व तपशील, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना वर्दी द्यावीच लागते. परंतु मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास त्या वर्दीत तिची ओळख उघड करण्याची डॉक्टरला गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे.

सिकलसेलचे कार्ड

आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र सिकलसेलचा आहे. नागपूरच्या आसपास हा रक्तदोष आढळतो ही गोष्ट १९५८ सालापासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले, आणि तपासणी झालेल्यास त्याच्या रक्ताची स्थिती दर्शविणारे कार्ड देण्याची योजना केली गेली.

या दोषाचे दोन प्रकार नीट समजून घेतले पाहिजेत. ज्याला आईकडून आणि बापाकडून दोन्हींकडून दोष मिळाला तो रुग्ण. ज्याला एकाकडूनच मिळाला तो वाहक. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, शेतात राबतो, त्याला कोणताही औषधोपचार लागत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. वाहकाचे लग्न निर्दोष व्यक्तीशी झाल्यास कोणतेही मूल रुग्ण होत नाही. म्हणजे हे कार्ड उपयोगी पडते ते दोघांनी आपापले कार्ड पाहून सल्ला घेतला तर.

आता अशी कल्पना करू या की, एका शाळेत तपासणी झाली, अहवालांची यादी आली आणि शिक्षकांनी ती वर्गात वाचून दाखविली. त्यांचा हेतू चांगलाच होता. एक मुलगी वाहक निघाली. पाच वर्षांनी तिच्यासाठी स्थळ आले तेव्हा ‘त्या मुलीच्या रक्तात काही आहे’ एवढेच कोणाच्या तरी लक्षात राहिलेले होते. मुलाचे रक्त कोणी तपासले नाही, तपासण्याची गरजही कोणाला वाटली नाही. स्थळ परत गेले. पुढच्या वर्षी त्या गावात तपासणीचे पथक आले तेव्हा किती आयांनी आपल्या मुली पुढे आणल्या असतील, याचा वाचकांनीच विचार करावा. गुप्तता मोडली की पहिले नुकसान त्या मुलीचे होते आणि दुसरे त्या मोहिमेचे.

म्हणून अहवाल ज्याचा त्याला, आणि बालक असेल तर त्याच्या आईवडिलांना, स्वतंत्रपणे व समजावून सांगितला पाहिजे. शाळेने फार तर तपासणी झाल्याची नोंद ठेवावी; निष्कर्षाची नोंद हजेरीपटाशेजारी ठेवू नये. कार्ड दाखव असा हुकूम करण्याचा अधिकार सरपंचाला, शिक्षकाला किंवा सोयऱ्यांना नाही. दोन्ही घरांनी आपखुषीने दोन्ही कार्डे समोर ठेवली तर उत्तमच.

आशा कार्यकर्तीविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. ती त्याच गावची सून असते. हेच तिचे बळ आहे आणि हीच तिची अडचण. तिच्या वहीत कोण गरोदर आहे, कोणाची गोळी चालू आहे, कोणाचा क्षयरोगाचा उपचार चालू आहे, हे सर्व असते. पिठाच्या गिरणीवर तिला चार बायका विचारतात, आणि न सांगितले तर ती आखडू म्हणून बदनाम होते. तिला ‘गुप्तता पाळ’ असा उपदेश करून भागत नाही. वही कुलपात ठेवण्यास पेटी आणि असे प्रश्न कसे टाळावेत याचे प्रशिक्षण देणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे.

दोन राज्ये, तीन भाषा

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे तालुके त्यात आले. कारभाराच्या दृष्टीने हा भाग भोपाळकडे पाहतो. दुखणे वाढले की मात्र तो नागपूरची वाट धरतो. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि मेयो रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांच्या परिचयाचे आहेत. परिणामी एकाच रोग्याचे कागद दोन राज्यांत विखुरलेले असतात. घरात मराठी, सरकारी अर्ज हिंदीत आणि संमतिपत्र बहुधा इंग्रजीत. अशा संमतिपत्रावर घेतलेला अंगठा हा संमतीचा पुरावा कितपत मानावा? ज्याने मजकूर वाचून त्याच्या भाषेत समजावून सांगितला नाही, त्याने संमती घेतली असे निदान मला तरी म्हणवत नाही.

कागद विखुरलेले असल्याने रुग्णाने आपल्या प्रती जपून ठेवणे अगत्याचे ठरते. केसपेपर हा कागद म्हणून रुग्णालयाचा, पण त्यातील माहितीची प्रत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रहेजा प्रकरणात हे तत्त्व मान्य केले. वर उल्लेखिलेल्या विनियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे राखावे लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत ते द्यावे लागतात. तेव्हा मागणी तोंडी करू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. मुदत संपलेले कागद दवाखान्याने फाडून किंवा जाळून नष्ट करावेत. ते रद्दीत विकले गेले, तर चिवड्याच्या पुडीवर कोणाचा तरी रक्ताचा अहवाल वाचावयास मिळेल!

हे कागद किती मोलाचे असतात हे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारीच दिसले. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याचे औषध घेतलेली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. अनेकांना नागपूरला हलविण्यात आले; वीसहून अधिक बालके गेली. कोल्ड्रिफ या औषधाच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. अशा संकटात कोणत्या मुलाने कोणते औषध, कोणत्या दुकानातून, कोणत्या तुकडी क्रमांकाचे घेतले, हे जितके लवकर जुळविता येईल तितकी पुढची मुले वाचतात. ते जुळवावयाचे ते चिठ्ठीवरून, पावतीवरून आणि घरात ठेवलेल्या बाटलीवरून. त्यासाठी माहिती वैद्यकीय तपासणी करणाऱ्यांच्या हाती विनाविलंब पडली पाहिजे. परंतु त्यासाठी मुलाचे नाव, छायाचित्र आणि आईचा आक्रोश प्रत्येक मोबाईलवर फिरण्याची गरज नसते.

मोबाईलचा प्रश्न आता सर्वत्रच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, तेव्हा जखमींच्या पट्टीबांधणीची केंद्रे उघडली जातात. तेथे टाके घालताना रक्तबंबाळ चेहऱ्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची कमतरता नसते. जखमेची नोंद नोंदवहीत होणे आवश्यक आहे, पोलिसांना कळविणे आवश्यक असेल तर तेही व्हावे. छायाचित्रकारांना मात्र पडद्याच्या बाहेरच ठेवले पाहिजे. त्याचप्रमाणे प्रयोगशाळेचे अहवाल दहा माणसे असलेल्या मोबाईल-गटावर पाठविण्याची चाल पडली आहे, ती बंद व्हावयास हवी. अहवाल रुग्णाच्या किंवा त्याने सांगितलेल्या एकाच क्रमांकावर जावा.

संगणकीय नोंदींबाबत अनेकांच्या मनात संभ्रम आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मोहीम सुरू झाली. तिच्यात मिळणारा ‘आभा’ क्रमांक चौदा अंकी असतो. तो घेणे ऐच्छिक असून, त्याला जोडलेले कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावयाचे तर रुग्णाची संमती लागते आणि ती मागेही घेता येते. सौंसरच्या रोग्याला नागपुरात जुना अहवाल दाखविता येणे ही मोठी सोय आहे. उलट बाजूस, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला होऊन कामकाज काही दिवस हाताने करावे लागले होते, हेही विसरून चालणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने अमलात यावयाची आहेत. लहान दवाखान्यांनी त्यांची वाट न पाहता दोन गोष्टी आजच कराव्यात : संगणकाचा परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवून ठेवू नये, आणि काम सोडून गेलेल्या मदतनिसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

एखाद्या दवाखान्याने माहिती बाहेर फोडली किंवा कागद देण्यास नकार दिला, तर प्रथम तेथील प्रमुखांना लेखी कळवावे. समाधान न झाल्यास जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, कारण खाजगी दवाखान्यांची नोंदणी राज्याच्या १९७३ च्या अधिनियमानुसार त्यांच्यामार्फत होते. डॉक्टरच्या वर्तनाविषयीची तक्रार भोपाळ येथील राज्य वैद्यक परिषदेकडे करता येते. अर्जासोबत मागणीपत्राची पोच जोडावी. अर्ज मराठीत लिहिला तरी हरकत नाही. मात्र हिंदी प्रत सोबत दिल्यास काम लवकर होते. गावातील शिक्षकांनी ती लिहून देण्यास मदत करावी आणि त्यात काय लिहिले ते आपल्यापाशीच ठेवावे.