प्रवेशपरीक्षेपूर्वीं बीजगणिताची उजळणी

महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसणारा विद्यार्थी बहुधा कठीण भागाकडे आधीं धांव घेतो. कलन आणि सदिश यांचीं प्रकरणें तो तीनतीनदां वाचतो. आठवी ते दहावीचें बीजगणित मात्र 'तें येतेंच' म्हणून बाजूस ठेवितो. आमचा अनुभव उलट आहे. उत्तरपत्रिका तपासतांना हुशार मुलाचें गणित जेथें बिघडलेलें दिसतें, तेथें दोष बहुधा कलनाचा नसतो. कंस सोडवितांना, छेद काढतांना किंवा चिन्ह बदलतांना पाय घसरलेला असतो.

आणि प्रवेशपरीक्षेंत हा पाय घसरल्याचें विद्यार्थ्यास कळतही नाहीं. आपल्या राज्याच्या एम. एच. टी. सी. ई. टी. परीक्षेंत गणिताच्या ५० प्रश्नांस ९० मिनिटें असतात, म्हणजे एका प्रश्नास १०८ सेकंद. प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें दिलेलीं असतात. प्रश्न काढणारे नेहमींच्या चुका ओळखून असतात, आणि त्या चुकांतून निघणारें उत्तर त्या चारांत घालून ठेवितात. चुकलेल्या मुलास आपलें उत्तर समोर दिसतें, त्याचें समाधान होतें, व तो पुढें जातो. वर्गांत शिक्षक रीतीस कांहीं गुण तरी देतात. येथें रीत कोणी पाहत नाहीं. अशा दोनतीन समाधानांची किंमत कधीं कधीं एक सबंध वर्ष असते.

तेव्हां उजळणी करावयाची ती सूत्रें पुन्हां घोकून नव्हे, तर प्रत्येक पायरीस 'हें करण्याचा अधिकार मला कोठून आला?' असें विचारून. (अ + ब)² याचें उत्तर अ² + ब² असें लिहिणारे विद्यार्थी दरवर्षीं भेटतात. अ = ३ व ब = ४ घेऊन पाहा: सातांचा वर्ग ४९, आणि ९ व १६ मिळून २५ च होतात. उरलेले २४ कोठें गेले? सात हात बाजूचा एक चौरस काढा व प्रत्येक बाजू ३ आणि ४ अशी विभागा. दोन लहान चौरसांखेरीज १२ - १२ चौरस हातांचे दोन आयत उरतात. तेच २अब. हें चित्र एकदां हातानें काढलेला मुलगा तें पद सहसां विसरत नाहीं.

(क्ष + ६) ÷ ६ यांत सहास सहा कापून 'क्ष' लिहिणें हाही असाच प्रमाद. क्ष = १२ घाला; खरें उत्तर ३, कापलेलें उत्तर १२. गुणलेला अवयव कापतां येतो, मिळविलेलें पद कापतां येत नाहीं.

समीकरणांत एक पद या पक्षांतून त्या पक्षांत गेलें कीं त्याचें चिन्ह बदलतें, असें मुलें म्हणतात. पक्ष बदलल्यावर चिन्ह बदलणें हें निवडणुकींत ठीक. बीजगणितांत पद कोठेंही जात नाहीं. दोन्ही पक्षांत सारखीच राशि आपण मिळवितों किंवा वजा करितों, एवढेंच. हें ध्यानांत असलें म्हणजे पुढचा धोका कळतो. क्ष² = ५क्ष यास क्ष नें भागून 'क्ष = ५' म्हणणारा विद्यार्थी क्ष शून्य असूं शकेल हें विसरतो, आणि दुसरें उत्तर ० हातचें जातें. शून्यानें भागण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

भागाकारानें उत्तर हरवतें, तसें वर्ग केल्यानें नको तें उत्तर आंत शिरतें. क्ष + ६ याचें वर्गमूळ क्ष इतकें असेल तर क्ष किती? वर्ग करून ३ आणि –२ अशीं दोन उत्तरें येतात. –२ घालून पाहा: ४ चें वर्गमूळ २, –२ नव्हे. तें टाकून द्यावयाचें. असमानतेंत ऋण संख्येनें गुणिलें वा भागिलें तर चिन्ह उलटतें, हें येथें नुसतें आठवून ठेवा.

वर्गसमीकरणाच्या सूत्राविषयीं मात्र थोडें थांबूं. तें सर्वांस पाठ असतें. तें आलें कोठून हें थोडेच सांगतात. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणित' ग्रंथांत श्रीधराचार्यांची म्हणून एक रीत दिली आहे. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, सहल काढण्याजोगें स्थळ आहे.) रीत अशी: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीनें दोन्ही पक्ष गुणावे, मग अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोहोंत मिळवावा. २क्ष² + ३क्ष = १४ घ्या. ८ नें गुणून १६क्ष² + २४क्ष = ११२. दोहोंत ९ मिळविले कीं (४क्ष + ३)² = १२१. म्हणून ४क्ष + ३ हें ११ किंवा –११, आणि क्ष = २ किंवा –७/२. वाटेंत एकही अपूर्णांक आला नाहीं. हीच कृति अंकांऐवजीं अक्षरें घेऊन करा; तुमचें पाठ केलेलें सूत्र समोर उभें राहील.

पालकांसाठीं दोन शब्द. जे मातापिता स्वतः बीजगणित शिकले नाहींत, त्यांसही या उजळणींत साहाय्य करितां येतें. मूल गणित करीत असतां प्रत्येक पायरीस 'कशावरून?' एवढेंच विचारावें. उत्तर आपणांस समजलें नाहीं तरी तें सरळ आलें कीं अडखळत, हें सहज कळतें. अडखळलें तेथें वहीच्या समासांत खूण करावी, आणि नव्या शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वीं त्या खुणा शाळेंतील शिक्षकांस दाखवाव्या.

सुटींत करण्यासाठीं तीन उदाहरणें देतों. पहिलें, ३क्ष² + ५क्ष = २, श्रीधराचार्यांच्या रीतीनें. दुसरें, क्ष + १२ याचें वर्गमूळ क्ष आहे. तिसरें, (क्ष² – ९) ÷ (क्ष – ३) = ६. यांपैकीं एकास दोन उत्तरें आहेत, एकास एकच, आणि एकास मुळींच नाहीं. कोणत्यास किती, हें आम्ही येथें सांगत नाहीं.