कळफलकावरील चिन्हे व त्यांची नावे

भिलाईच्या नेहरू नगरातील एक विद्यार्थी नागपूरच्या मामांना आपला ई-मेलचा पत्ता दूरध्वनीवरून सांगत आहे, अशी कल्पना करावी. अक्षरे मामा सहज लिहून घेतील. कारण अक्षराला ध्वनी असतो. चिन्हाला ध्वनी नसतो. ते तोंडाने सांगावयाचे, तर त्याचे नाव दोघांनाही ठाऊक असावे लागते.

मराठीला ही गरज पूर्वीही भासली होती. मोडी लिपीत मजकूर सलग लिहीत. त्यात विरामचिन्हे नसत. पुढे छपाईबरोबर इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहिली. आज पूर्णविराम, स्वल्पविराम ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात.

कळफलकावर याहून अधिक चिन्हे आहेत. त्यांपैकी @ हे मूळचे व्यापाऱ्यांचे. ‘१२ वह्या @ १० रुपये’ म्हणजे दर वहीस दहा रुपये. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये हे चिन्ह घातले. कारण ते कोणाच्याही नावात येत नसे. पत्त्यात दराचा काहीही संबंध नाही. तरी आपल्याकडे त्यास ‘अ‍ॅट द रेट’च म्हणतात. हिशेबातील जुने नाव असे टिकून राहिले.

& म्हणजे ‘अँपरसँड’. ‘आणि’ या अर्थाच्या ‘एत’ या लॅटिन शब्दातील दोन अक्षरे जोडून ते घडले. * ही तारका. गणनेत ती गुणाकार दाखविते.

अधिक घोटाळा होतो तो आडव्या रेघांचा. - हा ‘हायफन’, म्हणजे संयोगचिन्ह. तो दोन शब्द जोडतो. _ हा ‘अंडरस्कोर’. टंकलेखन यंत्रावर शब्द उमटविल्यावर गाडा मागे नेऊन त्याखाली ही रेघ काढीत. बोलताना पुष्कळ लोक दोहोंनाही ‘डॅश’ म्हणतात. ऐकणाऱ्याने भलतीच रेघ लिहिली, की पत्र परत येते किंवा परक्याच्या हाती पडते.

₹ या चिन्हाची कथा उलट आहे. येथे नाव जुने, चिन्ह नवे. मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी.त शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून ते रेखिले. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने ते स्वीकारले. ‘रुपया’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असल्यामुळे ते कोणासही वाचता आले.

पत्ता सांगताना नावाबरोबर आकारही सांगावा, हे उत्तम: ‘अंडरस्कोर, म्हणजे ओळीच्या तळाशी असलेली रेघ.’ मग नागपूरच्या मामांचे पत्र नेमके भाच्यालाच पोहोचेल.