केळीचा हिवाळा

केळीचे जे खोड डोळ्यांना दिसते ते वस्तुतः पानांच्या रुंद तळांची एकावर एक घट्ट बसलेली गुंडाळी असून तिला आभासी खोड म्हणतात; खरे खोड, म्हणजे कंद, जमिनीखाली असतो आणि थंडीशी होणाऱ्या झगड्याचा निकाल बहुधा तिथेच लागतो. पाने गाळून निद्रिस्त होण्याची सोय या वनस्पतीला नाही, ती केवळ मंदावते. तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की नवे पान येणे जवळजवळ थांबते, आणि ते १२-१३ अंशांखाली गेले की सालीतला चीक साकळून तपकिरी रेषा उमटतात, त्यामुळे फळ पिकूनही मळकट दिसते. दव गोठले तर पाने काळवंडतात, आभासी खोडही मरू शकते. मात्र मातीच्या उबेत कंद तगला, तर उन्हे वाढताच त्यातून नवे पील फुटतात.

खरी गुंतागुंत काळाची आहे. केळफुलाचा अंकुर घड बाहेर पडण्याच्या काही महिने आधीच जमिनीलगत तयार होतो, त्यामुळे त्या वेळच्या गारठ्याची खूण शेतकऱ्याला थंडी विसरल्यावर दिसते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या किनारी भागात जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो, आणि वसंत सरताना निसवणाऱ्या घडांत फण्या कमी व केळी वेडीवाकडी निघतात. बागायतदारांनी या दोषाला ‘नोव्हेंबर डम्प’ असे काहीसे कडवट नाव दिले आहे. थंड हवा जड असल्याने रात्री दरीत साचते, म्हणून तिथल्या बागा सपाटी सोडून उत्तराभिमुख, म्हणजे त्या गोलार्धात उन्हाकडे तोंड असलेल्या, उतारांवर लावल्या गेल्या.

खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असला, तरी रावेर-यावलच्या बागांना डिसेंबर-जानेवारीतील रात्री सोसत नाहीत. ऐन थंडीत निसवणाऱ्या झाडाचा घड कधी पानांच्या बेचक्यातच अडकतो, कारण दांड्याची वाढ खुंटलेली असते. यावर घड पिशवीने झाकणे, बागेच्या कडेने वारा अडवणारी झाडे लावणे आणि रात्री पाणी देणे हे उपाय केले जातात. त्यांतला शेवटचा साधा वाटला तरी सयुक्तिक आहे: विहिरीचे पाणी हिवाळी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवून रात्री सावकाश सोडते.